अंकारा गाळू नका : अनातोलियन संस्कृती संग्रहालय

दूरदेशी

तुर्कस्तानला निघालेल्या मंडळींचे बेत इथे वरचेवर वाचायला मिळतात. इस्तंबूल, कॅपाडोकिया, पामुक्काले, एफेसस आणि परत इस्तंबूल. राजधानी अंकारा त्यात नसतंच. असलं तर गाडी बदलण्यापुरतं. म्हणून हा धागा काढतोय. अंकाराच्या जुन्या किल्ल्याखाली, उतारावर, अनातोलियन संस्कृती संग्रहालय आहे. वेळ कमी असेल तर बाकी काहीही गाळा, हे गाळू नका, असं मी अगदी मनापासून सांगेन.

इस्तंबूलमध्ये बायझंटाइन आणि ऑटोमन दिसतात, एफेससला ग्रीक-रोमन. त्याआधीची हजारो वर्षं याच भूमीवर, म्हणजे अनातोलियात (तुर्कस्तानचा आशियातला भाग), माणसं घरं बांधत होती, पेरत होती, धातू ओतत होती, आपसात तह करत होती. नेहमीच्या पर्यटनाच्या वाटेवर त्यांचा मागमूसही लागत नाही. ती सगळी इथे भेटतात, आणि तीही एकापाठोपाठ एक, त्यामुळे कोण कोणाच्या आधी आणि कोणाकडून काय आलं हे चालता चालता कळत जातं.

सुरुवात इमारतीपासूनच करा. संग्रहालय दोन ऑटोमन वास्तूंमध्ये आहे. एक महमूद पाशाचा बेदेस्तेन, म्हणजे दहा घुमटांचा, जाड भिंतींचा बंदिस्त बाजार. दुसरी त्याला लागूनच असलेली कुर्शुनलू हान ही सराई. महमूद पाशा हा इस्तंबूल जिंकणाऱ्या दुसऱ्या मेहमेदचा वजीर, म्हणजे बाजार पंधराव्या शतकातला. अंकाराच्या शेळ्यांच्या लोकरीचं तलम कापड इथे विकलं जायचं. १८८१च्या आगीनंतर दोन्ही वास्तू ओस पडल्या. पुढे राजधानीत हित्तींचं, म्हणजे इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकात अनातोलियात राज्य करणाऱ्या लोकांचं, संग्रहालय असावं ही इच्छा आधुनिक तुर्कस्तानचा संस्थापक अतातुर्क याने धरली. १९३८मध्ये डागडुजी सुरू झाली ती १९६८पर्यंत चालली. १९९७ साली या संग्रहालयाला युरोपातल्या त्या वर्षीच्या सर्वोत्तम संग्रहालयाचा पुरस्कार मिळाला. घुमटांखालचा तो मंद उजेड पाहिला की पुरस्कार देणाऱ्यांना काय आवडलं असेल ते समजतं.

मांडणी काळानुसार आहे. कडेकडेने फिरत जायचं आणि शेवटी मधल्या घुमटांखाली यायचं. अश्मयुगातली हत्यारं भराभर पाहिली तरी चालेल. चातालह्योयुकपाशी मात्र थांबा. कोन्याजवळची ही वस्ती इ.स.पू. ७०००च्या आसपासची. गावात रस्ते नाहीत, घराला घर चिकटलेलं, छपरातून शिडीने आत उतरायचं, आणि घरातलं माणूस गेलं की त्याच घराच्या जमिनीखाली पुरायचं. पुरातत्त्वज्ञ जेम्स मेलार्टने १९६१ ते १९६५ या काळात इथे खोदकाम केलं. भिंतींवरची चित्रं गिलाव्यासकट उचलून इथे आणली आहेत. एका चित्रात खाली चौकोनांची दाटी आहे आणि वर दोन टोकांचा, ठिपक्याठिपक्यांचा आकार. मेलार्टच्या मते तो गावाचा नकाशा आणि त्यामागे आग ओकणारा हसन दागी हा ज्वालामुखी. काही अभ्यासकांना त्यात बिबट्याचं कातडं आणि खाली नुसती भौमितिक नक्षी दिसते. २०१४मध्ये हसन दागीच्या माथ्यावरच्या दगडांचं वय काढलं गेलं, तेव्हा वस्तीच्या काळातच तिथे उद्रेक झाला होता असं दिसलं. माझा कौल ज्वालामुखीला. पण चित्रासमोर उभे राहून आधी स्वतः ठरवा, पाटी नंतर वाचा.

पुढे आलाजाह्योयुकची राजथडगी, इ.स.पू. २५००च्या आगेमागे. ब्राँझच्या जाळीदार चकत्या, चांदी मढवलेली हरणं, सोन्याचे पेले. अंकाराच्या सिह्हिये चौकात यातल्याच एका चकतीची भलीमोठी प्रतिकृती उभी आहे. लोक तिला हित्ती सूर्य म्हणतात, पण मूळ चकत्या हित्तींचं राज्य उभं राहण्याच्या कितीतरी आधीच्या, हात्ती लोकांच्या. याच थडग्यांमधला सोन्याच्या मुठीचा एक लोखंडी खंजीर आहे. खनिजातून लोखंड गाळायची विद्या रुळायच्या कितीतरी शतकं आधीचा. त्याचं लोखंड उल्केचं, आकाशातून पडलेलं. शेजारच्या सोन्याच्या झगमगाटात ते काळपट, गंजलेलं पातं नजरेतून सहज सुटतं. मुद्दाम शोधा.

माझा सगळ्यात जास्त वेळ गेला तो इनान्दिकच्या रांजणापाशी. हित्तींच्या जुन्या राज्यकाळातला, ८२ सेंमी उंच, लालसर तपकिरी. अंगावर एकावर एक चार पट्टे आणि त्यांत उठावाची, रंगवलेली माणसं. कथा खालून वर वाचायची. अगदी खाली मोठमोठी भांडी आणि खाण्यापिण्याच्या तयारीची लगबग. त्यावरच्या पट्ट्यात देवाच्या रूपातल्या बैलासमोर बैलाचाच बळी. तिसऱ्यात मिरवणूक आणि एक जोडपं. सगळ्यात वर तंतुवाद्यं, झांजा आणि कोलांट्या मारणारे कसरतपटू. काठाच्या आतल्या बाजूला बैलांची छोटी मुंडकी बसवली आहेत. काठावरच्या पोकळीत ओतलेलं पेय त्यांच्या तोंडातून रांजणात पडायचं. म्हणजे हा रांजण नुसता बघायचा नव्हता, तो त्या सोहळ्यातच सामील होता. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या कुंभाराला कोलांटी मारणाऱ्या माणसाच्या पाठीची कमान इतकी नेमकी पकडता आली, हे मला फार मोठं वाटतं.

हित्तींच्या राजधानीतले, हात्तुशातले, मातीचे दोन बैल याच विभागात आहेत. हुर्री आणि शेर्री. वादळाच्या देवाचा रथ ओढणारे हे दोघे, शेजारी शेजारी उभे, एकाच्या शेपटीचं वळण एका बाजूला तर दुसऱ्याच्या शेपटीचं दुसऱ्या बाजूला. १९८६ साली हात्तुशात फरसबंदीखाली सापडलेला ब्राँझचा पट्टही पाहा. राजा चौथा तुधालिया आणि त्याचा चुलतभाऊ कुरुन्ता यांच्यातला करार त्यावर आहे. हित्तींचे मातीचे लेख हजारोंनी सापडलेत, ब्राँझचा हा एकच.

मधलं दालन दगडांचं. कार्कामिश आणि मालात्याजवळचं अर्सलानतेपे इथून आणलेल्या शिळा. त्याबद्दल कोणी विचारलं तर सविस्तर लिहीन, हा प्रतिसाद लांबलाच आहे.

शेवंती

वाचनखूण साठवली. आम्ही सुट्टीत निघतोय, सोबत नऊ वर्षांचा मुलगा आहे. त्याला संग्रहालय म्हटलं की काचेमागची खापरं आठवतात आणि तो लगेच दाराकडे पाहू लागतो. किती वेळ धरू? आणि दगडांबद्दल लिहाच.

दूरदेशी

शेवंतीताई, एकट्याने सावकाश पाहायचं तर तीन तासही पुरत नाहीत. मुलासोबत दीड-दोन तासच ठेवा आणि सगळं दाखवायचा हट्ट धरू नका. त्याला प्राणी शोधायला सांगा. हरणं, बैल, सिंह, बिबटे, गिधाडं, आणि क्युलतेपेच्या विभागात तर पेलेच प्राण्यांच्या आकाराचे. मग तोच तुम्हाला ओढत नेईल.

दगडांच्या दालनात त्याला थेट कार्कामिशच्या मुलांपाशी न्या. कार्कामिश हे फुरात नदीकाठचं शहर, आज तुर्कस्तान-सीरिया सीमेवर आहे. हित्तींचं साम्राज्य इ.स.पू. १२००च्या सुमारास कोसळलं, पण अशा शहरांमधून त्यांची परंपरा आणखी काही शतकं चालू राहिली. इ.स.पू. आठव्या शतकात तिथे यारिरी नावाचा कारभारी होता. गादीचा वारस कामानी अजून लहान होता, म्हणून राज्य हा सांभाळत होता. शिळेवर यारिरी कामानीचं मनगट धरून त्याला पुढे आणतो आहे. पुढच्या शिळेवर बाकीची भावंडं. कोणी सांध्याच्या हाडांचे फासे खेळतंय, कोणी भोवरा फिरवतंय. सगळ्यात धाकटं बाळ एका बाईच्या कडेवर आणि तिच्या हातात जनावराची दोरी. राजवाड्याच्या दर्शनी भिंतीवर सहसा मारलेले शत्रू दाखवतात. त्याच कार्कामिशच्या दुसऱ्या भिंतीवर रथाखाली तुडवलेली माणसं आहेतच. पण या माणसाने खेळणारी मुलं कोरून घेतली. मला तिथून पाय निघेना.

त्याच मांडणीत सिंहाच्या धडाला माणसाचं आणि सिंहाचं अशी दोन डोकी आणि पाठीला पंख असलेला एक प्राणी आहे. तो तुमच्या मुलाला नक्की आवडेल.

कोरीव

सुंदर लिहिलंय, पण क्युलतेपे एका वाक्यात उरकलंत याचं वाईट वाटलं. माझ्या दृष्टीने या संग्रहालयाचा जीव तिथे आहे.

कायसेरीजवळच्या क्युलतेपेचं जुनं नाव कानेश. इ.स.पू. विसाव्या-एकोणिसाव्या शतकात आजच्या इराकमधल्या अश्शूर शहराचे व्यापारी तिथे येऊन राहिले. गावाबाहेर त्यांची स्वतःची पेठ होती, तिला कारुम म्हणत. गाढवांच्या तांड्यांवर कथील आणि लोकरी कापड लादून हजारेक किलोमीटरची वाट तुडवत यायचं, माल विकायचा आणि चांदी-सोनं घरी पाठवायचं. गाढवंही बरीचशी इथेच विकून टाकायची, कारण परतीचं ओझं हलकं. कथील का, तर तांब्यात ते मिसळल्याशिवाय ब्राँझ होत नाही. अनातोलियात तांबं मुबलक, कथिलाला मागणी फार. आलाजाच्या चकत्या पाहून पुढे आलात की मग हा हिशोब डोळ्यांसमोर उभा राहतो.

या व्यापाऱ्यांची पत्रं, हुंड्या, कोर्टकज्जे, लग्नाचे आणि काडीमोडाचे करार असे तेवीस हजारांवर मातीचे लेख तिथे सापडलेत. युनेस्कोने २०१५ साली त्यांची जागतिक स्मृतिठेव्यात नोंद केली. अनातोलियाचा लेखी इतिहास इथून सुरू होतो, आणि तो कुठल्या राजाच्या पराक्रमाने नाही तर उधारी-वसुलीने सुरू होतो! लेख हाताच्या तळव्यात मावेल एवढे, उशीसारखे थोडे फुगीर. अक्षरं इतकी बारीक की काचेला नाक लावावं लागतं. ओळ उजव्या कडेला संपत नसेल तर लिहिणाऱ्याने ती सरळ कडेवरून वळवून मागे नेलेली दिसते.

सगळ्यात पाहण्यासारखी आहेत ती मातीची पाकिटं. पत्र लिहून ते सुकवायचं, वर मातीचा दुसरा पातळ थर चढवायचा, त्यावर नाव लिहून शिक्के फिरवायचे. शिक्का दंडगोल असतो, तो ओल्या मातीवर लाटला की देव, माणसं, जनावरं यांची पूर्ण ओळच उमटते. पत्र वाचायचं तर पाकीट फोडावंच लागतं. काही पाकिटं त्या काळी कोणी फोडलीच नाहीत. काही अर्धी फुटलेली असतात आणि आतलं पत्र डोकावत असतं. अशांपैकी एकासमोर मी खूप वेळ उभी होते.

या पत्रव्यवहारातली लमास्सी नावाची एक बाई अभ्यासकांना चांगलीच परिचित आहे. ती अश्शूरमध्ये, नवरा पुशुकेन कानेशमध्ये. ही घरी माणसं लावून कापड विणवून घ्यायची आणि पाठवायची. कापड चांगलं नाही अशी त्याची तक्रार येते तेव्हा ती पत्रातून खडसावून उत्तर देते, पैसे वेळेवर पाठव म्हणून बजावते. चार हजार वर्षांपूर्वीची कमावती बाई, तिच्या स्वतःच्या शब्दांत. राजांच्या मूर्तींपेक्षा मला ही माणसं जवळची वाटतात.

पाणवठा

धागा उत्तम, पण एक वेगळं मत मांडतो. संग्रहालय आधी आणि जागा नंतर, किंवा जागा पाहिलीच नाही तरी चालेल, असा सूर लागू नये. आम्ही आधी हात्तुशाला गेलो. अंकाराच्या पूर्वेला साधारण २०० किलोमीटरवर. डोंगरउतारावर मैलोन्‌मैल तटबंदी, सिंहद्वार, जमिनीखालून तटाबाहेर नेणारा दगडी बोगदा, आणि जवळच याझिलीकायाच्या उघड्या कातळावर ओळीने चाललेले देव. वारा असा की बोलणं ऐकू येत नाही. तिथे उभं राहिल्यावर कळतं की या लोकांनी वादळाच्या देवाला सगळ्यात वरचं स्थान का दिलं असावं. मग अंकाराला येऊन ते दोन बैल पाहिले, तेव्हा ते कुठून आले हे डोळ्यांपुढे होतं. आधी बैल पाहिले असते तर ती दोन सुबक भांडी वाटली असती.

शिवाय थडग्यातली वस्तू थडग्यातून काढली, भिंत भिंतीपासून सोडवली, की तिचं निम्मं बोलणं बंद होतं. संग्रहालयाची ही मर्यादा मोठी आहे.

दूरदेशी

पाणवठा, वाऱ्याचं वर्णन फार आवडलं. क्रमाबद्दल मात्र माझं मत उलटं आहे, आणि त्याला कारण आहे. हात्तुशात आज जे उरलंय ते पाये आणि तट. मातीच्या विटांच्या भिंती कधीच विरघळल्या. ज्याने आधी काही पाहिलेलं नाही, त्याला तिथे गुडघाभर उंचीच्या दगडांच्या रांगा दिसतात. तुम्हाला वाचनाची पार्श्वभूमी असणार, सगळ्यांना नसते. रांजणावरची ती मिरवणूक आधी पाहिली असेल तर देवळाच्या रिकाम्या अंगणात माणसं भरता येतात. माझं तसं झालं.

आणि भिंतीची चित्रं तिथेच ठेवली असती तर आज ती राहिली नसती. चातालह्योयुकचा कच्चा गिलावा उघड्यावर एक पावसाळाही काढणार नाही. निम्मं बोलणं बंद झालं हे खरं, पण निम्मं शिल्लक राहिलं.

पाणवठा

गिलाव्याचं मान्य. कातळ आणि दगडी सिंहांबद्दल अजूनही माझं मत तेच. तरी एक चांगली बातमी सांगतो. हात्तुशाचा एक स्फिंक्स बर्लिनच्या संग्रहालयात होता, तो २०११ साली तुर्कस्तानला परत मिळाला आणि अंकाराला न ठेवता हात्तुशाच्या पायथ्याच्या बोआझकालेतल्या छोट्या संग्रहालयात नेला गेला. मोठ्या वस्तू शक्य तितक्या आपल्या गावाजवळ असाव्यात, एवढंच म्हणणं आहे.

ताम्रपट

दोन मुद्द्यांची भर.

पहिला, चातालह्योयुकची ती बसलेली स्त्री. दोन्ही हात दोन श्वापदांच्या डोक्यांवर, भरलेलं शरीर. आपल्याकडच्या माणसाला तिच्यात लगेच सिंहवाहिनी दिसते, आणि फोटोंवरून ती मोठी वाटते. प्रत्यक्षात वीतभरही नाही, आणि डोकं मूळचं नाही, नंतर बसवलेलं आहे. मेलार्टने तिला मातृदेवी ठरवलं, आणि त्यावर मातृसत्ताक समाजाच्या कितीतरी कल्पना रचल्या गेल्या. १९९३ ते २०१८ इथे इयन हॉडरच्या गटाने पुन्हा उत्खनन केलं. त्यांना सापडलेल्या मातीच्या आकृत्यांमध्ये जनावरंच फार, स्त्रियांच्या आकृत्या त्या मानाने थोड्या, आणि पुष्कळशा उकिरड्यात फेकलेल्या. पुरुष आणि स्त्रिया यांच्या हाडांवरून आहारात मोठा फरक दिसत नाही. म्हणजे चित्र बरोबरीच्या समाजाचं उभं राहतं, देवीच्या राज्याचं नाही. ही मूर्ती मेलार्टला धान्याच्या कणगीत सापडली होती. धान्याशी तिचा काही संबंध असेल का, यावर विचार करायला ही जागा मला जास्त मोलाची वाटते. तिला घाईने नाव देऊ नये.

दुसरा, भारतीय वाचक बोआझकोय (हात्तुशाजवळचं गाव, आजचं बोआझकाले) म्हटलं की एकच गोष्ट विचारतात, म्हणून आधीच लिहितो. हित्ती राजा पहिला शुप्पिलुलिउमा आणि शेजारच्या मितान्नी राज्याचा शात्तिवाझा यांच्यातल्या इ.स.पू. चौदाव्या शतकातल्या तहात साक्षीदार देवांच्या लांबलचक यादीत मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य येतात. हे शंभर टक्के खरं. पण तो तह ह्यूगो विंकलरच्या १९०६-०७च्या उत्खननातला, आणि ते लेख इस्तंबूल आणि बर्लिनकडे गेले. अंकाराला तो शोधत फिरू नका. इजिप्तचा दुसरा रामसेस आणि हित्ती राजा तिसरा हात्तुशिली यांच्यातल्या प्रसिद्ध तहाचा मातीचा लेखही इस्तंबूलच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. अंकारात आहे तो वर उल्लेख आलेला ब्राँझचा पट्ट, आणि कारागिरी म्हणून तो कितीतरी सरस. धातूवर कीलाकार लिपीची एकेक पाचर उमटवून साडेतीनशेच्या आसपास ओळी लिहिल्या आहेत.

कोरीव

ताम्रपट, उकिरड्याचा मुद्दा महत्त्वाचा आहे. वस्तू करणं हाच विधी असेल आणि केल्यावर तिचं काम संपत असेल, असंही शक्य आहे ना? तसं असेल तर उकिरड्यात सापडली म्हणून ती पवित्र नव्हती असं म्हणता येणार नाही.

ताम्रपट

शक्य आहे, आणि म्हणूनच मी तिला देवी नव्हतीच असंही म्हणत नाही.

पायवाट

फ्रिजियन विभागाबद्दल, म्हणजे हित्तींनंतर इथे राज्य करणाऱ्या लोकांबद्दल, कोणीच लिहिलं नाही, म्हणून लिहिते. ज्याला हात लागेल ते सोनं होतं त्या मिडास राजाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. तो खरोखर होता. अश्शूरच्या नोंदींमध्ये इ.स.पू. आठव्या शतकाच्या अखेरीस मीता नावाने तो येतो. त्याची राजधानी गोर्डियन, अंकारापासून नैर्ऋत्येला, पोलात्लीच्या पुढे. तिथे ५३ मीटर उंचीचा मातीचा एक ढिगारा आहे, माणसांनी रचलेला. १९५७ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या रॉडनी यंगने त्याच्या पोटात बोगदा काढला, तेव्हा आत लाकडी ओंडक्यांची बंद खोली निघाली. छत शाबूत. आत साठी ओलांडलेला एक पुरुष आणि भोवती मेजवानीची भांडी. लाकडाच्या वर्तुळांवरून खोली इ.स.पू. ७४०च्या सुमाराची ठरते, म्हणजे हा मिडास नसून बहुधा त्याचा बाप. सोनं मात्र एक गुंजही नाही! राजाला ब्राँझ, कापड आणि लाकूड देऊन निरोप दिला होता.

हे लाकडी सामान अंकाराला आहे, आणि त्यासाठी मी कितीही वेळा जाईन. सत्तावीसशे वर्षांपूर्वीचं मेज, लोखंडी खिळ्याशिवाय सांधलेलं. अक्रोडाचा वरचा फळा, बॉक्सवुडची फिकट चौकट आणि त्यात जुनिपरच्या गडद लाकडाचे बारीक तुकडे जडवलेले. त्या नक्षीत चौकटीत चौकट, चक्रव्यूहासारख्या रेषा. एक आकार पूर्ण समजला असं वाटतं तोच शेजारचा वेगळा निघतो. सापडलं तेव्हा ते कोसळून जमिनीवर पडलेलं होतं. तुकडे ओळखून ते पुन्हा उभं करायला जाणकारांची कित्येक वर्षं गेली. पाटीवर त्या कष्टांना जेमतेम एक ओळ मिळते.

ब्राँझच्या भांड्यांमध्ये दोन बादल्या आहेत, एक सिंहाच्या तोंडाची, एक मेंढ्याच्या. भांड्यांत उरलेल्या कोरड्या गाळाची रासायनिक तपासणी झाली आहे. पेय होतं द्राक्षाची दारू, सातूची बिअर आणि मधाची दारू यांचं मिश्रण. जेवणात शेळीमेंढीचं मटण आणि मसूर. राजाच्या तेराव्याला काय शिजलं होतं हे सांगता येईल अशा जागा जगात फार नाहीत. त्या कवटीवरून घडवलेला राजाचा चेहराही पाहायला मिळतो.

पाणवठा यांच्या वादात माझं मत असं, की गोर्डियन आणि अंकारा ही एकच भेट समजावी. ढिगाऱ्याच्या पोटात जाता येतं, लाकडी खोली बाहेरून दिसते, पण ती रिकामी. आतलं सामान अंकाराला. एक पाहून दुसरं सोडणं म्हणजे अर्ध्यावर उठणं. गोर्डियनचं २०२३ साली जागतिक वारशाच्या यादीत नाव आलं, त्यामुळे जाणारे वाढतील.

शेवंती

किती नवीन समजलं! आता काही व्यवहाराचे प्रश्न. इस्तंबूलहून यायचं कसं? संग्रहालयापर्यंत चढ किती? सोबत सासूबाई आहेत, त्यांचे गुडघे दुखतात. आणि त्याच दिवशी जवळपास अजून काय होईल?

दूरदेशी

इस्तंबूलहून जलद रेल्वे आहे, साडेचार तासांच्या आसपास. विमानापेक्षा तीच सोयीची, कारण स्थानक शहरात आहे. संग्रहालयाला जवळचं मेट्रो स्थानक उलूस. तिथून किल्ल्याकडे चांगलाच चढ आहे, वरचा भाग दगडी फरसबंदीचा. आजींसाठी टॅक्सी करून थेट दारापर्यंत जा, आणि उतरताना सगळे मिळून सावकाश खाली या. तिकिटाचे दर लिरात सारखे बदलतात, म्हणून इथे लिहीत नाही. पर्यटकांसाठी अनेक संग्रहालयांचा मिळून एक पास मिळतो, पुढे कॅपाडोकिया आणि एफेससही असेल तर तो परवडतो का ते हिशोब करून पाहा. कोणतं दालन कामासाठी बंद आहे का, हे आदल्या दिवशी संग्रहालयाच्या अधिकृत संकेतस्थळावर बघून घ्या.

त्याच दिवशी किल्ला सहज होतो. तटात ठिकठिकाणी रोमन काळातले कोरीव दगड, शिलालेखांचे तुकडे आडवेतिडवे चिणलेले आहेत, मुलाला शोधायला ते चांगले. खाली हाजी बायराम मशिदीला लागून ऑगस्टसच्या देवळाची भिंत आहे. रोमच्या या पहिल्या सम्राटाने स्वतःच्या कर्तृत्वाचा जो जाहीरनामा लिहून ठेवला, त्याची जगातली सगळ्यात चांगली टिकलेली प्रत या भिंतीवर आहे, लॅटिन आणि ग्रीक दोन्हीत.

पायवाट

आजींना संग्रहालयाच्या बागेत बसता येईल, तिथेही रांजण आणि शिल्पं मांडलेली आहेत. सकाळी दार उघडताच जा. शाळांच्या सहली आणि पर्यटकांच्या बसगाड्या येऊ लागल्या की चातालह्योयुकच्या चित्रांपुढे उभं राहायला जागा मिळत नाही.

कोरीव

आणि मोबाइलमध्ये बारीक अक्षरं मोठी करून पाहा, फ्लॅश न वापरता. क्युलतेपेच्या पाकिटांवरचे शिक्के नुसत्या डोळ्यांना ओरखड्यांसारखे दिसतात. फोटो मोठा केला की बसलेला देव, पेला हातात घेऊन समोर आलेला माणूस आणि वर चंद्रकोर अशी सगळी मांडणी उलगडते.

शेवंती

अंकाराला दोन रात्री धरल्या, नवरा तयार झाला. तिथून कोन्याला जाणार आहोत. मग चातालह्योयुक प्रत्यक्ष पाहायला जावं का, की चित्रं अंकाराला असल्याने तिथे काही उरलेलं नाही?

पायवाट

जरूर जा. अंकारा-कोन्या जलद रेल्वेने दोन तासांच्या आत होतं. कोन्याहून चातालह्योयुक सुमारे ५० किलोमीटर, स्वतंत्र गाडी करावी लागेल. टेकाडावर मोठी छपरं घालून उत्खननाचे दोन भाग झाकले आहेत. आत घरांच्या भिंती, चुलींच्या जागा, झोपण्याचे ओटे आणि ओट्यांखालचे पुरण्याचे खड्डे स्पष्ट दिसतात. दक्षिणेकडच्या छपराखाली वरून खाली पाहा, एका घराच्या डोक्यावर दुसरं, त्याच्या डोक्यावर तिसरं, असे घरांचे थर पायऱ्यांसारखे उतरत जातात. टेकाडावर झाड नाही, उन्हाळ्यात जाणार असाल तर टोपी आणि पाणी हवंच. आजींना टेकाडाची चाल झेपणार नसेल तर पायथ्याशी माहिती केंद्र आहे, तिथे बसता येईल.